दोरीवर वाळणारी आग

एप्रिलचा दुसरा रविवार. सिंदी मेघेच्या घराच्या गच्चीवर धुणं वाळत घालते आहे. स्वेच्छानिवृत्तीनंतर हे काम माझ्याकडे आलं. पांढरी चादर दोरीवर टाकली, वाऱ्याने ती फुगली आणि समुद्रपूर तालुक्यातलं ते अंगण पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहिलं. बाकी प्रकरणं फायलींबरोबर मागे राहिली. हे मात्र ओल्या कपड्यांबरोबर परत येतं.

मी तेव्हा ठाणेदार होते. दुपारी एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"मॅडम, लवकर या. बाईले गावातून काढून राह्यले."

बाई विधवा. घराच्या अर्ध्या भागात ती, अर्ध्या भागात धाकटा दीर आणि त्याची बायको. अंगण सामाईक. काही दिवसांपासून दिराकडचे कपडे दोरीवर आपोआप पेटत होते. गावाने ठरवून टाकलं, ही वहिनीची करणी. आठवडी बाजाराच्या आत तिने घर सोडायचं.

मी पोचले तेव्हा अंगणात चिटपाखरू नव्हतं, सगळे कुंपणाबाहेर. दोरीवर पिवळं लुगडं संथ हलत होतं. ऊन इतकं की ज्वाळ दिसलीच नाही. फक्त हवा थरथरली आणि लुगड्याचा काठ आवाज न करता कमी कमी होत गेला. कुणीतरी स्वप्नात पुसून टाकावा तसा. मी बादली उपडी केली, तेव्हा कुठे धूर आला.

"आमचेच काऊन जळतात?" दिराची बायको ओरडली. "हिचं एक फडकं नाई जळत!"

"मले जादू येत असती," विधवा उंबऱ्यातून म्हणाली, "त विहिरीवरून घागरी वाहल्या असत्या का, बाई?"

सगळे मला आगीबद्दल सांगत होते. मी धुण्याबद्दल विचारलं. पेटीतला कपडा कधी जळाला? नाही. ओला? नाही. वाळत आला की मगच.

"दोरीवर कोण टाकतं?"

दिराची बायको लाजली. "धुवाचं काम माहं. वाळू घालतात हे. आताशा लय मायाळू झाले."

बायकोचं लुगडं चारचौघांत वाळत घालणारा नवरा त्या गावात दुसरा नव्हता. मी त्याची नोकरी विचारली. एका कारखान्यात मदतनीस.

मी त्या कारखान्यात गेले. तिथे टाकाऊ प्लास्टिक आणि तेलांवर हायड्रोजनची प्रक्रिया होत होती. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी समजावलं. टाकाऊ प्लास्टिक, चिवट तेलं यांना हायड्रोजन सहजी चिकटत नाही. मध्ये निकेलची बारीक भुकटी लागते. तिच्यावर हायड्रोजन मोकळा होतो, काम उरकतं, भुकटी तशीच राहते. "वापरलेलीही पाण्याखाली ठेवतो," त्या म्हणाल्या. "वाळली की हवेत आपोआप पेटते." त्यांनी साठा तपासला. एक डबा कमी होता.

पंचांसमक्ष झडती घेतली. गोठ्यात, कडब्यामागे पाण्याने भरलेला डबा सापडला. तळाशी काळा गाळ. दिराला ठाण्यात आणलं.

"गाळ हाय मॅडम, विहिरीतला."

"मग पाणी कशाला? सांडून टाकते." मी डबा कलता केला.

तो खुर्चीसकट मागे सरला. "नका सांडू! पाणी नका सांडू मॅडम!"

"काऊन रे? भूत निघते का आतून?"

त्याने मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. वहिनी गेली असती तर पुरं घर त्याचं झालं असतं. कपडा वाळत घालताना तो काठाला हा गाळ चोळायचा. ऊन बाकीचं करायचं. चोरीचा आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, नमुने सील करून प्रयोगशाळेत पाठवले.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. चमत्कार दिसला की चमत्काराकडे बघू नये. त्या घरात कोणाची सवय अलीकडे बदलली ते बघावं. आणि दुसरं, आरोपी पकडला म्हणून गावाची भीती सुटत नाही. संध्याकाळी पोलीस पाटलांनी सगळ्यांना डबा समजावून सांगितला. माना हलल्या, पण कुंपणाच्या आत कोणी पाऊल टाकलं नाही. आळ आल्यापासून विधवा धुणं घरात वाळवायची, ते अजून घरातच, अंधारात वाळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. तिला लुगडं बाहेर आणायला लावलं, एक टोक मी धरलं, एक तिने. दोरीवर टाकलं. मग खाली खाट ओढली आणि ते कोरडं होईपर्यंत बसून राहिले. लुगडं डोक्यावर हलत होतं, सावली अंगावरून येत-जात होती. बायका कुंपणाशी जमल्या. लुगडं खडखडीत वाळलं, तेव्हा त्यातली एक आत आली आणि घडी घालायला दुसरं टोक तिने धरलं.