'शे' ऐकून हसलेल्यांना

वाचनालयाच्या मंडळींनो, हा कागद मी रागानेच फळ्यावर लावतो आहे.

आज दुपारच्या सभेचा विषय होता, 'थोडक्या पगारात समाधानाने जगणे'. धुळ्याच्या गिरणीतला मी एकटाच तिथे, म्हणून बोलायला उभा राहिलो. बोलता बोलता तोंडून गेले, "मनाजोडे बठ्ठं शे."

सगळे हसले. चिटणीस नाना म्हणाले, "अरे, आधी 'आहे' म्हणायला शीक, मग आम्हाला समाधान शिकव!"

नाना, 'आहे' मला लिहिता येते. या कागदात शुद्धलेखनाची एक चूक काढून दाखवा. पण माझ्याजवळ सगळे आहे, हे मला आईने 'शे' म्हणूनच शिकवले.

मंडळी, हसण्याआधी मी काय सांगत होतो, ते एकाला तरी आठवते का?