बारशाची वाटी आणि मायांचं शहर

माझी नात एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत माया लोकांच्या एका जुन्या शहराचा अभ्यास करते. मेक्सिकोकडचं, जंगलात गेलेलं. ते कधी बांधलं, एवढंच ठरवायचंय. मी चौथी शिकलेली. मी म्हटलं, दगडावर तारीख कोरलीय ना, मग वाचा आणि मोकळे व्हा.

"तसं नाही, आज्जी. तो दगड जुन्या देवळातून काढून नव्या भिंतीत लावला असेल. भिंतीखालचा कोळसा वेगळंच सांगतो."

मी मान हलवली. कळलं काही नाही.

तेव्हा मुलीने माझ्या सहस्रचंद्रदर्शनासाठी हॉल घेतला होता. माझ्या पासपोर्टवरची एक जून ही शाळेतल्या मास्तरांनी घातलेली. मुलीचा भरवसा माझ्या पितळी वाटीवर. मामाने बारशाला दिलेली. तिच्यावर मामाचं नाव आणि तारीख घातलीय. त्या तारखेने मला ऐंशी पुरी.

नात वाटी बघून हरखली. "आज्जी, ही वाटी म्हणजे आपला दगड! पण तुझं नाव कुठेय?"

"बारशाआधी नाव कुठलं? भांडं आधीच करून आणतात."

"मग तुझीच कशावरून?"

मी वाटी उलटसुलट करून पाहिली. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. बारसं झालं आणि गेली. मामाची ऐपत दोनदा वाटी देण्याची नव्हती. पण आई तर म्हणायची, ही तुझी. तिची असून मला दिली, की माझीच? विचारायला आई नाही, मामाही नाही.

मुलगी वैतागली. "आई, आता घोळ घालू नकोस. लोकांना बोलावलंय."

"त्यांना जेवायला घाल. चंद्र माझे नसतील तर मी पाटावर बसायची नाही."

"मग कधी बसशील?"

मी नातीकडे पाहिलं. "शहराचं ठरलं नाही तर तुम्ही काय करता गं?"

"अजून खणतो."

"मला कुठे खणणार?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

लोक आले, जेवले. पाट मी उचलायला लावला आणि खुर्चीवर बसून श्रीखंड खाल्लं. एक डॉक्टरीणबाई पाया पडायला वाकल्या. "काकू, ऐंशी झाली ना?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "वाटीची झाली."