सेक्रेटरीची बाटली

माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी न्हावा शेवाला, बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत झाली. निवृत्तीनंतर ते आणि सासूबाई पनवेलमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आम्ही बेलापूरला, त्यामुळे महिन्यातला एखादा रविवार दुपारचं जेवण त्यांच्याकडे. जेवणाआधी सासरे स्वयंपाकघरात जायचे, कपाट उघडल्याचा आवाज यायचा, आणि ट्रेमध्ये दोन ग्लास घेऊन ते बाहेर यायचे.

"घ्या, जावईबापू. खास तुमच्यासाठी काढलीय."

बाटली कधी बाहेर आली नाही. मला ती घरंदाज रीत वाटायची. व्हिस्की घशात खरखरायची, संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं, पण उंची स्कॉच अशीच असते अशी मी समजूत घालून घेतली होती. ऑफिसात दोन-चार जणांना सांगितलंही होतं, सासरे म्हणजे दिलदार माणूस म्हणून.

मागे सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आम्ही भेटायला गेलो, तर ते आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडले होते. त्यांना स्वतःला घ्यायची मनाई होती. तरी जावयाचा मान राहावा म्हणून त्यांनी आतूनच हाक दिली, "अगं, त्यांना दे थोडी." सासूबाईंनी ग्लास आणून दिला. सोबत कुरकुरीत तळलेले बोंबील.

पहिला घोट घेतला आणि मी ग्लासाकडे बघतच राहिलो. खरखर नाही, जळजळ नाही. अलगद खाली उतरली आणि जिभेवर धुरासारखा मंद वास मागे ठेवून गेली.

"आई, आज वेगळी आहे का?"

"का हो? वाईट लागते?"

"छे, छे! फारच सुंदर आहे."

सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. आतल्या खोलीकडे वळून त्या ओरडल्या, "अहो, मी वरच्या फळीवरची दिली वाटतं!"

आतून सासरे किंचाळले, "अगं, ती सेक्रेटरीची!"

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मी ग्लास घेऊन तसाच आत गेलो.

"बसा," सासरे म्हणाले. मग आयुष्यभर मालाची वर्गवारी केलेल्या माणसाच्या शांतपणानं त्यांनी मला कपाट समजावून सांगितलं. वरच्या फळीवर स्कॉच, ती सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी. मधल्या फळीवर बरी, ती उरणच्या मित्रासाठी, कारण तो येताना जिवंत चिंबोऱ्या आणतो.

"आणि खालची?"

"खालची घरच्यांसाठी."

"घरच्यांसाठी म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही. आणि तो वॉटरप्रूफिंगवाला."

"तो घरचा आहे?"

"तीन पावसाळे झाले, इथंच तर असतो."

"पण बाबा, सेक्रेटरी? जावयाच्या वर?"

"गच्ची गळते. खर्च सोसायटीनं करायचा की मी, ते त्याच्या हातात आहे. तुमच्या हातात काय आहे, सांगा."

माझ्या हातात सेक्रेटरीची व्हिस्की होती.

"मग तुम्ही कोणती पिता?" मी विचारलं.

"तुमचीच. तुमच्यासमोर बसून वेगळी कशी पिणार?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "मलाही आवडत नाही ती. संपवा आता ग्लास. परत बाटलीत थोडीच ओतणार?"

परतताना गाडी बायको चालवत होती. मी सगळं सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली, पण तिला आश्चर्य अजिबात वाटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"अरे, लहानपणापासून बघतेय. चहाचंही तसंच आहे."

"काय तसंच?"

"आईकडे चहा पावडरचे दोन डबे आहेत."

पुढच्या खेपेला मधल्या फळीवरची बाटली पहिल्यांदाच टेबलावर आली. सासऱ्यांनी लेबल मुद्दाम माझ्याकडे वळवून ठेवलं होतं. जेवणानंतर सासूबाईंनी चहाचं विचारलं. "कोणत्या डब्यातला?" हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण बायकोनं असे डोळे वटारले की मी नुसतं म्हणालो, "अर्धा कप."