पहिला चाहता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. संताप आलाय म्हणून.

गेल्या महिन्यात सोलापुरात सिनूचा सत्कार झाला. सिनू गिटार वाजवतो. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात तसलं संगीत – एकेक रचना पंधरा-पंधरा मिनिटांची, मुखडा-अंतरा काही नाही, ताल मध्येच कूस बदलतो. आता परदेशातली पोरं त्याचे व्हिडिओ बघून बोटं कशी ठेवायची ते शिकतात, म्हणून गावाला तो आपला वाटायला लागलाय. हॉल भरलेला. शाली, हार, नारळ. एके काळी ‘दिवसभर काय खाजवत बसतं हे पोरगं’ म्हणणारे पहिल्या रांगेत. मला त्यांची चीड आली. पण कुठल्या तोंडाने?

कारण माझं नाव पुकारलं ते ‘सिनूचे पहिले चाहते’ म्हणून.

चाहता होतो, हे खरं. त्यात खोट नाही. मी सांगोल्याकडचा. घरी मेंढरं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. सोलापूरच्या कॉलेजात आलो तेव्हा सिनू माझ्या वर्गात होता. त्यांच्या घरात खाली यंत्रमागावर टॉवेल निघायचे, वरच्या खोलीत हा. लेक्चर संपलं की मी तिथेच. त्याची आई त्याला तेलुगूत हाक मारायची आणि मला मराठीत रागवायची, “उपाशीपोटी काय ऐकतोस रे? जेव की आधी.” त्या घरचा भात खाऊन मी पदवीधर झालो.

आणि ते वाजवणं! तारांच्या मुळाशी तो मागावरचं सूत विणून बसवायचा. मग गिटार गिटारसारखी वाजायचीच नाही. लाकडावर बोटं आपटावीत तशी – कोरडी, ठसठशीत. सात मात्रांत चालता चालता तो एक मात्रा गिळून टाकायचा, आणि आपण टाकलेलं पाऊल हवेतच राहायचं. मला संगीतातलं शास्त्र कळत नव्हतं, पण ती गिळलेली मात्रा मला दर वेळी बरोबर कळायची. एकदा त्याने मला मेंढरं वळवायची शीळ घालायला लावली. दोन बोटं तोंडात घालून घालतात, माळाच्या पलीकडे जाते ती. मग सबंध दुपार तार ताणून ताणून तो ती गिटारवर शोधत बसला. सापडली. आपल्या सर्वांत मोठ्या रचनेच्या शेवटी त्याने ती ठेवली. बापाने शिकवलेली माझी शीळ! माझ्या घरातल्या कुठल्याच गोष्टीला तोवर कुणी एवढं मोठं केलं नव्हतं.

मग पुढचं मी का केलं?

नाही – ‘का’ विचारून मी पळवाट काढतोय. काय केलं ते सांगतो.

कॉलेजचं गॅदरिंग होतं. सिनूने तीच रचना वाजवायला घेतली. मी हॉस्टेलच्या पोरांत बसलेलो. थोड्याच वेळात कुजबुज, मग हुर्यो. “ए, गाणं कवा चालू व्हणार?” शेजारी बाळू होता, मंद्रूपचा, माझा रूममेट. तो म्हणाला, “तुझ्या दोस्ताची टेप अडकली की रं! का तुला कळतंय ह्यातलं, सायेब?” सगळे माझ्याकडे बघून हसले. आमच्या त्या पोरांत ‘सायेब’ ही शिवी होती – शिकून शेफारलेला, आपल्यातनं उठून गेलेला. मीही हसलो. आणि मग – दोन बोटं तोंडात घातली.

तशी शीळ घालणारा त्या हॉलमध्ये दुसरा कुणी नव्हता.

माझ्यामागे सगळा हॉल सुटला. शिट्ट्या, पाय, खुर्च्या. सिनूने तारांवर हात ठेवला आणि थांबला. शेवटापर्यंत तो पोचलाच नाही. त्याने ओळखली असेल का? ज्याने ती सबंध दुपार तारेवर शोधली, त्याने ओळखली नसेल?

इथवरच्याला निदान भित्रेपणा म्हणता येईल. खरी लबाडी दुसऱ्या दिवशीची.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा त्याच्या घरी गेलो. जेवलोसुद्धा. हात धुतल्यावर त्याने विचारलं, “लोकांचं सोड बे. तुला कसं वाटलं? खरं सांग की.”

शिळेबद्दल एक शब्द नाही. मला संधी देत होता? की नुसतं विचारत होता? मी म्हणालो, “लांबतंय रं. लोकास्नी न्हाय झेपत. शेवट तर काढूनच टाक.” शांतपणे, समजुतीने, शहाण्या मित्रासारखं. रचना वाईट ठरली की माझं वागणं बरोबर ठरणार होतं ना!

त्याने मान हलवली. ती रचना पुन्हा कधी वाजवली नाही. घरी केलेलं रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. आज जे त्याचं कौतुक करतात त्यांनी त्याचं सर्वांत मोठं काम ऐकलेलंच नाही. आणि मुलाखतीत तो सांगतो, “सुरुवातीला मी फार लांबण लावायचो. एका मित्राने भानावर आणलं.” मित्राने! ते ऐकून मी मोबाइल आपटला. राग कुणावर काढू? बाळूवर? त्याला कंटाळा आला, तो ओरडला. त्यात लबाडी कुठे होती? त्या हॉलमध्ये खोटा मी एकटा होतो – सगळ्यांत जास्त कळणारा आणि सगळ्यांत जास्त खोटा.

सत्काराच्या दिवशी माझ्या हातात माइक दिला. सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. तो समोर होता, त्याची आई होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “सगळे हसत होते, तेव्हासुद्धा मी याच्या बाजूने होतो.”

टाळ्या पडल्या. त्याच्या आईने पदराने डोळे पुसले. सिनूने माझ्याकडे पाहिलं – जरा जास्तच वेळ – आणि मग तोही टाळ्या वाजवू लागला. मी पुढे बोलत राहिलो.