मडगार्डवरची हळद

आसगावच्या सेवकरामला बैलातलं सगळं कळायचं आणि गाडीतलं काहीच कळत नव्हतं. असे म्हातारे गावोगाव आहेत, त्यांचं काही बिघडत नाही. सेवकरामचं बिघडलं, कारण त्याच्या मुलाला, कुलदीपला, गाडीतलं सगळं कळायचं आणि लाज कशाशी खातात ते मात्र ठाऊक नव्हतं.

पन्नास वर्षं सेवकरामनं बैल जुंपले. चालता चालता बैल मान एका अंगाला टाकू लागला की हा बैलबंडी थांबवायचा, जू उचलून खांद्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, उद्या इथं सूज येणार. यायचीच. बैल विकत घ्यायचा तर लोक त्याला बरोबर न्यायचे. पुढे त्याचे गुडघे गेले, बैल विकले गेले आणि गोठ्यात कुलदीपची जुनी सात सीटची गाडी उभी राहू लागली. आसगावहून पवनीला, भंडाऱ्याला, कधी वरठीच्या स्टेशनवर सवाऱ्या सोडायच्या, हा त्याचा धंदा. म्हाताऱ्याची खाट गोठ्यातच होती, ती तिथंच राहिली.

घरात त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, नात टीना. नववीत होती. सून रिता ताट आणून ठेवायची आणि जायची. टीना मात्र शाळेतून आली की दप्तरासकट गोठ्यात शिरायची, खाटेच्या पायथ्याशी बसून दिवसभराच्या चुगल्या सांगायची. म्हातारा दुपारपासून तिच्या वाटेकडे कान लावून असायचा. दुसरं त्याला काही नको होतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी कुलदीप गाडी घेऊन पवनीला तुलारामच्या गॅरेजात गेला. म्हाताऱ्याला डोळ्यांचे थेंब आणायचे होते, म्हणून तोही बसला. ब्रेक दाबला की गाडी लोखंडावर लोखंड घासल्यासारखी ओरडत होती. तुलारामनं पुढची चाकं उतरवली. पॅड पार संपले होते.

त्यानं नव्या पॅडचे दोन-तीन डबे समोर ठेवले. कुलदीपला असा मोका हवाच असतो. हा पॅड आवाज करतो, हा चाकावर काळी धूळ सोडतो, हा गरम झाला की पकडत नाही, असं तिथं उभ्या असलेल्या चार लोकांना ऐकू जाईल असं सांगत त्यानं सगळ्यात भारीचा डबा उचलला.

"पॅड तुले जो पायजे थो घे," तुलाराम म्हणाला, "पन डिस्क पाह्य आधी."

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. दोन्ही बाजूंनी पॅड तिला आवळतात, तेव्हा गाडी थांबते. तुलारामनं माप लावलं. थाळीच्या अंगावरच लिहिलेलं असतं, किती पातळ झाली की फेकायची. ही त्याच्याही खाली गेली होती.

"दोनीकडचे डिस्क बदलाव लागन. माह्यापाशी नाही हायेत. नागपूरवरून परवा येतीन."

"परवा पोळा हाये! पोळ्याच्या सवाऱ्या सोडून गाडी उभी ठेवू का? खराद मारून साफ करून दे."

"पयलेच पातळ हाये, अजून काय तासू? मी नाही करत."

"मंग नुसते पॅड टाक."

सेवकराम जवळ आला. त्यानं थाळीवर बोट फिरवलं. मधे खोलगट झालेलं, कडेला धार आलेली. जन्मभर खांदे चाचपलेलं बोट ते, ते तिथंच थांबलं.

"कुलदीप, खांदा सुजला असन तं नवं जू टाकून काय फायदा, बापा?"

लोक हसले. खरं तर त्या गॅरेजात त्या दिवशी तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट बोलली गेली होती.

"बैल नोहे थो," कुलदीप म्हणाला. "तुमी तिकडं बाकड्यावर जाऊन बसा."

सेवकराम बाकड्यावर जाऊन बसला. भारी पॅड जुन्या थाळ्यांवर बसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. शेजारच्या गोठ्यातून तुपाचा वास आला आणि म्हाताऱ्याला राहवेना. आपलं घर ज्याच्यावर खातं तो आता हाच बैल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं टीनाकडून वाटीत हळद-तूप मागवून घेतलं.

"गाडीचा खांदा कोनता, आबाजी?" टीनानं हसत विचारलं.

दोघांनी मिळून ठरवलं. पुढच्या चाकावरचा पत्र्याचा फुगवटा, मडगार्ड, तोच खांदा. टीनानं वाटी धरली, म्हाताऱ्यानं पान बुडवून दोन्हीकडच्या पत्र्याला लावलं आणि म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." टीना खो खो हसली. एवढंच घडलं. यात कुणाचं काय वाईट होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलदीप सवाऱ्या घेऊन निघाला. टीनाला बांगड्या घ्यायच्या होत्या, ती पुढच्या सीटवर बसली. तलावाच्या पाळीजवळ धुतलेले, रंगवलेले बैल रस्ता ओलांडत होते. कुलदीपनं करकचून ब्रेक दाबला. काहीतरी कडाडून मोडलं आणि गाडी रपट्याच्या, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, कठड्यावर जाऊन चेपली. मागच्यांना खरचटलं. कुलदीपला तेवढंही झालं नाही. टीनाचा डावा पाय पत्र्यात अडकला आणि भंडाऱ्याला गुडघ्याखालून कापावा लागला.

माणसं धावून आली तेव्हा कुलदीप आधी चाकाशी वाकला. काय मोडलंय ते त्यानं पाहिलं. मग वर पाहिलं, तर मडगार्डवर हळदीचा पिवळा डाग.

"म्हाताऱ्यानं तूप लावलं गाडीले!" तो ओरडला. "ब्रेक सटकला माह्या!"

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पण गर्दीला बंब कुठं लागला याच्याशी काय करायचं असतं? डाग सगळ्यांना दिसत होता. थाळी चाकाच्या आत होती.

सेवकरामनं ते मान्य केलं. ब्रेक कुठं असतो हेच त्याला माहीत नव्हतं, मग तूप ओघळून तिथवर गेलं नसेल असं कोणत्या तोंडानं म्हणणार? वाटी कुणी धरली होती, हे मात्र त्यानं कुणालाही सांगितलं नाही. रिता ताट ठेवायची ती आता पायानं सरकवायला लागली. टीना घरी आली, खाटेवर पडून राहिली. तो दाराशी गेला की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. गावातल्या बायका मुद्दाम गोठ्यात डोकावून जायच्या, हाच का तो म्हातारा म्हणून.

दीड महिना गेला. डोळ्यांचे थेंब संपले म्हणून तो एकटाच बसनं पवनीला गेला. वाटेत तुलारामच्या गॅरेजात गाडी उभी दिसली. मडगार्डवर डाग तसाच होता. म्हातारा वाकला आणि धोतराच्या सोग्यानं तो पुसू लागला.

"काय पुसून राहिले, काकाजी?" तुलारामनं विचारलं.

"माहं पाप."

तुलारामनं हातातला पाना खाली ठेवला. मग आत जाऊन लोखंडाचा एक तुकडा घेऊन आला.

"हे पाहा. डिस्क फुटला. पातळ झाल्ता म्हनून फुटला. तुमचं तूप वरच्या पत्र्यावर हाये, थे काय करते ब्रेकले? तुमच्या समोरच तं सांगतलं होतं म्या."

"कुलदीपले मालूम हाये?"

"त्यानंच तं टुकडे पाह्यले पयले. आता दोनीकडचे नवे डिस्क लावून राहिलो. मले म्हने, कोनाजवळ बोलू नोको."

सेवकरामनं तुकडा मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. बसमधे तो सारखा खिसा चाचपत होता. टीनाच्या हातावर तुकडा ठेवायचा, म्हणायचं, पाह्य पोरी, मी नाही. ती पुन्हा गोठ्यात येईल. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली.

अंगणात कुलदीप भेटला. म्हाताऱ्यानं तुकडा काढून दाखवला. कुलदीप दचकलाही नाही.

"मले मालूम हाये."

"मंग माह्यं नाव काहून घेतलं?"

"कोनाचं तरी घ्याच लागते, बाबा. माह्यं घेतलं तं उद्या माह्या गाडीत कोन बसन? तुमच्या गाडीत कोनाले बसाचं हाये?"

"मी टीनाले सांगतो."

"सांगा ना. मंग थे माह्यासंगही नाही बोलनार. नागपूरले नवा पाय बसवाले न्यायचं हाये तिले, दर महिन्याले न्या लागन. बापाच्या गाडीत नाही बसली तं कोन नेईन? तुमी नेसान? बंडी जुपून?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी म्हाताऱ्याची गत झाली. कुलदीपनं त्याच्या हातातून तुकडा घेतला आणि विहिरीत टाकला. म्हाताऱ्यानं हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही.

नागपूरला जायच्या दिवशी गाडी दारात आली. धुतलेली, नवं मडगार्ड, आत नव्या कोऱ्या थाळ्या. टीना कुबड्यांवर गाडीपर्यंत आली आणि थांबली.

"मी नाही बसत. ब्रेक नाही लागला तं?"

रितानं समजावलं. कुलदीपनं शपथा घेतल्या. ती मागे सरकू लागली. तेव्हा कुलदीपनं गोठ्याच्या दाराकडे पाहिलं.

सेवकराम पुढे आला. इतक्या दिवसांत तो तिच्यासमोर एवढा जवळ उभा राहिला नव्हता.

"बस, पोरी," तो म्हणाला. "गाडीचा ब्रेक तवाही चांगलाच होता. म्याच तूप लावलं. या खेपेले मी हातबी नाही लावला."

टीनानं त्याच्याकडे पाहिलं. पोळ्यानंतर पहिल्यांदा पाहिलं. आतापर्यंत तिला थोडीशी शंका होती. पान पत्र्याला लागलं होतं, वाटी तिनंच धरली होती, मग ब्रेक कसा सटकला, हे ती भिंतीकडे तोंड करून रोज स्वतःला विचारत होती. आता त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "आधी याले गाडीपासून दूर करा."

कुलदीपला हलावं लागलं नाही. सेवकराम आपणच मागे सरकला, गोठ्याच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. दोन्ही हात त्यानं सदऱ्याच्या खिशात घातले, तिला दिसू नयेत म्हणून. टीना बसली. दार लागलं.

गल्लीच्या तोंडाशी एक बकरी आडवी आली. कुलदीपनं ब्रेक दाबला आणि गाडी आवाज न करता जागच्या जागी थांबली.