आधी पाडून घेणारी बाई

पारनेरजवळच्या माळावर रविवारी रिमोटची विमानं उडवणारे काही जण जमतात. त्यांत एक बाई असायच्या. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, आणि हातात जागोजागी टेप लावलेलं फोमचं विमान. नाव मी कधी विचारलं नाही.

माझं हलक्या लाकडाचं विमान पहिल्याच कोलांटीत आपटून फुटलं, तेव्हा मी नगरच्या दुकानदाराला मोठ्यानं शिव्या देत होतो. मजबूत आहे म्हणून त्यानं शपथ घेतली होती.

बाई म्हणाल्या, "दादा, कोलांट्या शिकायच्या तर फोमचं घ्या. पंख वाकवून बघा. परत सरळ झाला तरच घ्या."

पुढच्या रविवारी मी तसं विमान नेलं. त्याच दुकानात मी सगळ्या विमानांचे पंख वाकवून पाहिले होते. दुकानदार ओरडला, मीही ओरडलो.

बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "आता आपटा."

"नवं आहे, बाई!"

"म्हनून तर. मी नवं इमान आदी हातानं पाडून घेते. लई जीव जडला, की कोलांटी मारताना हात भितो."

माझी मूठ सुटेना. बाई निवांत उभ्या होत्या. शेवटी डोळे मिटून मी ते गवतात फेकलं. नाक थोडं चेपलं, बाकी काही नाही.

त्या दिवशी मी ते उलटं उडवलं, पुन्हापुन्हा पाडलं, आणि कुणालाही शिवी न देता उचललं. दुकानदाराला मात्र अजून माफ केलेलं नाही.