आगळाच्या जागी डाळिंब

माझा नवरा बोटीवर स्वयंपाकी होता. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने उच्चारायचं नसे. आमच्या मांडवीत कोणी विचारलं तर सासूबाई सांगत, "थोरला बोटीवर असतो." बोटीवर काय करतो हे त्या सांगत नसत. विचारणाऱ्याने इंजिनाकडे असेल असं आपणच समजून घेतलं, तर त्याला थांबवतही नसत. नवऱ्यामागे त्यांनी दोन मुलगे वाढवले होते. धाकटा मुंबईला बँकेत लागला, त्याचं त्यांना समाधान होतं. थोरल्याने परक्यांसाठी रांधावं, त्यांची उष्टी ताटं मोजावीत, हे त्यांना कमीपणाचं वाटे. त्या तसं बोलल्या नाहीत कधी. पण तो सुट्टीवर घरी आला आणि चुलीजवळ जायला लागला की म्हणत, "तू बस बाहेर. इथे बायका आहेत."

मी त्यांना आई म्हणते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण वास आणि आवाज यांवरून घरात कुठे काय चाललं आहे ते त्यांना कळतं.

रक्तदाबामुळे नवऱ्याची बोट सुटली, ती कायमची. कंपनीच्या तपासणीत तो नापास झाला आणि सामान घेऊन घरी आला. इथल्या डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलं. लोणची, पापड, सुकी मासळी बंद झाली, ते फारसं जड गेलं नाही. अडलं ते आगळापाशी. आमच्याकडे माशाच्या कालवणाला, सोलकढीला, साध्या आमटीलासुद्धा कोकमाच्या रसाचं आगळ लागतं, आणि ते वर्षभर टिकावं म्हणून त्यात मूठमूठ मीठ घातलेलं असतं. आमसुलांनाही मीठ लावलेलं. चिंचेने त्याला जळजळायचं. मग आंबट आणायचं कुठून, असा प्रश्न होता. आळणी मासे मी दोनदा करून पाहिले. तो मुकाट्याने जेवला, पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिभेचा विचार केला, त्याला तसं जेवताना बघणं मला कठीण गेलं.

एका रविवारी सकाळी तो मागच्या परड्यात गेला. आमच्या परड्यात, विहिरीच्या चिरेबंदी कठड्याला लागून, डाळिंबाचं एक झाड आहे. ते कोणी लावलं हे कोणालाच आठवत नाही. फुलतं भरपूर, पण फळ धरतं लिंबाएवढं, पाऊस लागला की उकलतं, आणि आत फिकट गुलाबी दाणे, दात आंबून जातील असे. ते कोणी खात नसे. आई फक्त त्याची साल वाळवून ठेवत. कोणाचं पोट बिघडलं तर उगाळून द्यायला. त्या फळांतली चांगली वेचून तो घेऊन आला आणि मला म्हणाला, "बाजारातून देशावरची गोड डाळिंबं आण. मोठी, लाल."

आखाताच्या बंदरांत फिरताना त्याला एका इराणी स्वयंपाक्याने डाळिंबाचा रस आटवायला शिकवलं होतं. तिकडे मांसात घालतात म्हणे, अक्रोडाच्या वाटणाबरोबर. आमच्याकडे अक्रोड कुठले? त्याने गोड आणि आंबट दाणे एकत्र केले, मलमलच्या फडक्यातून हाताने पिळले, आणि रस जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर ठेवला. दुपारभर तो त्या टोपाशेजारी उभा होता. शेवटी काकवीसारखं, जवळजवळ काळं, असं काहीतरी उरलं. त्यात मीठ नव्हतं, साखर नव्हती. त्याने बांगड्याच्या तुकड्यांना हळद, मिरची, आलं-लसूण लावलं, दोन तिरफळं ठेचून टाकली, खोबरं अगदी चमचाभर, आणि आगळाच्या जागी हे.

रात्री आई पाटावर बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबल्या.

"हे काय रे?"

"बांगडा."

"बांगडा कळतो मला. त्याच्यावर ओतलंस काय?"

"डाळिंबाचा रस. आटवलाय."

"डाळिंब आजाऱ्याला देतात. बांगडा आजारी होता काय?"

तो हसला. मीही हसले. आई हसल्या नाहीत. "मीठ विसरलास," त्या म्हणाल्या.

"विसरलो नाही. घातलं नाही."

"मेल्या, मग आधी सांगायचंस तरी."

पण त्यांनी ताट संपवलं, आणि वाटीतलं बोटाने पुसून घेतलं. ते त्याने पाहिलं होतं. जेवणं झाल्यावर भांडी आत नेताना त्याने मला हळूच विचारलं, "काय वाटतं, आवडलं असेल?"

तेव्हापासून तो रोज हा प्रश्न विचारू लागला. मी शाळेच्या वाचनालयात कामाला आहे. तिथून संध्याकाळी घरी येत असे, तेव्हा दुपारच्या जेवणाचा सगळा वृत्तान्त तो मला देई. काकडीच्या कोशिंबिरीत मिठाऐवजी डाळिंबाचे दाणे आणि भाजलेलं जिरं घातलं, तर आई म्हणाल्या, "दाताखाली खडे आल्यासारखं होतं." सकाळच्या नाचणीच्या आंबिलात दाणे टाकले, तर म्हणाल्या, "रंग बरा आहे." वालाच्या उसळीत आटवलेला रस घातला त्या दिवशी म्हणाल्या, "डाळिंब्या म्हणजे वाल, हे तुला बोटीवर कोणी सांगितलं नाही वाटतं." दहीभात वरून दाणे घालून दिला, तेव्हा पुन्हा भात मागितला फक्त.

"मागितला ना?" मी म्हणाले.

"भूक लागली असेल."

"तुम्ही दोघं एकमेकांच्या वरचढ आहात."

तो खिडकीशी बसून दाणे सोडवत होता. फळ उभं चिरायचं नाही, देठाकडची टोपी काढायची आणि पडद्यांच्या रेषेवर सुरी ओढून ते हाताने उकलायचं, म्हणजे एक दाणा फुटत नाही, अशी त्याची पद्धत होती. दाणे सोडवता सोडवता तो म्हणाला, "बोटीवर कप्तानापासून खलाशापर्यंत सगळे जेवायचे. कोणी नावं ठेवायचं, कोणी पुन्हा मागायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. आईने एकदा 'चांगलं झालंय' म्हणावं, एवढंच वाटतं. बाकी काही नको मला तिच्याकडून."

मी आईंशी बोलून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "चांगलं म्हटलं की चुलीपाशीच बसेल तो." तो तिथे बसलाच होता, आणि आनंदात होता, हे मला त्यांना पटवता आलं नाही.

रक्तदाब उतरला होता. वजनही उतरलं होतं. डॉक्टर खूश होते, आणि मी तर आता काही वर्षं हिशेबातच धरली होती. मार्गशीर्षात एका सकाळी तो अंघोळ करून आला, पंचा खुंटीला लावला, खाटेवर बसला आणि आडवा झाला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो गेलेला होता. त्यावर मला याहून जास्त लिहिता येत नाही.

आईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'मेल्या' हा शब्द मी ऐकलेला नाही.

आम्हाला मूल नाही. दिवस दिराने केले. तेराव्याला जेवणं आटोपल्यावर घरातली माणसं माजघरात बसली. संगमेश्वरच्या आत्याबाई, म्हणजे आईंच्या नणंद, भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्या घरात रीत आहे, गेलेल्या माणसाच्या नावाने जवळच्याने एक खाण्याची वस्तू सोडायची, कायमची. सासरे गेले तेव्हा आईंनी फणस सोडला होता, आणि परड्यात फणस पिकला की अजूनही त्या पुढच्या दारी जाऊन बसतात. आता आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय सोडतेस गो त्याच्या नावाने?"

मी चहा म्हणणार होते. तेवढ्यात आई म्हणाल्या, "मी सोडते."

"तू नाही, वहिनी. आईने मुलाच्या नावाने सोडायचं नसतं. उलटं होतं ते."

"उलटं झालंच आहे," आई म्हणाल्या. "डाळिंब सोडलं."

दिराने मान खाली घातली. आत्याबाई मात्र रीतीच्या बाबतीत पक्क्या. त्या म्हणाल्या, "अगं, तुला ते कुठे आवडायचं? फोनवर मला सांगायचीस, मुलगा माशात फळं घालतो म्हणून. नावडती वस्तू सोडून चालत नाही. आपल्याला सगळ्यात आवडतं तेच सोडावं लागतं."

"रीत मला माहीत आहे," आई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि भिंत धरत धरत आपल्या खोलीत गेल्या.

मी तिथेच बसून राहिले. रीत मलाही माहीत होती. ज्या वाक्यासाठी तो रोज संध्याकाळी माझी वाट पाहत बसे, ते आई आत्ता म्हणाल्या होत्या, त्यांना म्हणता येईल अशा एकमेव पद्धतीने, आणि ते मी त्याला सांगू शकत नव्हते. मला त्यांचा राग आला. तो काही महिने गेला नाही. त्यांना पेज वाढताना, औषध देताना मी नीट वागत होते, पण मनात एकच येई, की या एवढ्याशा गोष्टीला त्यांचं काय जात होतं. आता रागाच्या जागी दुसरं काहीतरी आहे. त्याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि शब्दांच्या बाबतीत माझं असं सहसा होत नाही.

घरात डाळिंब आणणं मी बंद केलं. त्यांनी सोडलेलं त्यांच्यासमोर आपण खावं, हे मला जमेना. वाचनालयात डब्याबरोबर एकदा नेलं होतं. टोपी काढून उकललं, दाणे फुटले, आणि टेबलावरचं पुस्तक डागाळलं. मी ते तसंच कपाटात ठेवून दिलं.

यंदा परड्यातलं झाड पुन्हा फळलं. खारी येत, अर्धी खाऊन टाकत. मी त्या बाजूला जात नसे. एका रविवारी आई मागच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पडून कुजतायत. वास येतोय मला. करत का नाहीस काही?"

"तुम्ही खाणार नाही."

"मी नाही खाणार. तू सोडलं नाहीस काही. कर तू."

मी फळं वेचली. बाजारातून लाल डाळिंबं आणली. आई चौकटीपाशी स्टूल घेऊन बसल्या. मी दाणे मिक्सरमध्ये घालायला गेले, तर झाकणाच्या आवाजावरून म्हणाल्या, "त्यात नको. बी चिरडते, कडवटपणा येतो. फडक्यातून पीळ." मी पिळले. टोप ठेवला. "तो नको, तो पातळ वाजतो. दुसरा." मी दुसरा घेतला. रस आटू लागला, तशा त्या कान देऊन बसल्या. "अजून पातळ आहे. बुडबुडे जड वाजायला लागले की आच बंद करायची. दाट दिसेपर्यंत थांबायचं नाही, निवल्यावर होतो तो दाट."

तो हे करत असताना त्या कधी स्वयंपाकघरात बसलेल्या मला आठवत नव्हत्या. माझ्या शाळेच्या दुपारी त्या कुठे बसत, ते मी त्याला विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. कदाचित त्यालाही कळलं नसेल. माजघराच्या दाराआड, अंधाराच्या बाजूला, बसायला जागा आहे.

मासेवाली दारात आली. टोपली उतरवून म्हणाली, "आज्ये, गोड कसला शिजवताव? सण हाय काय?"

"गोड नाही ते. बांगड्यात घालायचं आहे."

"बांगड्यात? कोणी शिकवलान?"

"माझ्या मुलाने," आई म्हणाल्या. "स्वयंपाकी होता तो बोटीवर. मोठ्या बोटीवर. चाळीस-पन्नास माणसं जेवायची त्याच्या हातचं."

"व्हय? आन् चांगला करायचा?"

आईंनी पदर सारखा केला. "चांगला करायचा," त्या म्हणाल्या.

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. मासेवालीने बांगडे मोजून दिले आणि ती पुढे गेली. मी माझ्या परीने कालवण केलं. मीठ घातलं नाही. मला चालतं, पण घालवेना. दुपारी आईंना पेज आणि भाजी वाढली, माझं ताट घेतलं, आणि त्यांच्यापासून थोडी लांब बसले, त्यांना वास लागू नये म्हणून.

"इकडे बस," त्या म्हणाल्या. "लांब कशाला?"

मी ताट सरकवून त्यांच्याजवळ बसले. त्या पेज ढवळत राहिल्या. मी पहिला घास घेतला. आंबट जास्त होतं, आणि तळाशी किंचित करपल्याची चव होती. आच बंद करायला मला उशीर झाला होता.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आंबट जास्त आहे, जरा लागलंय खाली.

"पहिल्यांदा त्याचंही लागलं होतं," आई म्हणाल्या. "मी बोलले नाही."

मग त्यांनी पेजेची वाटी तोंडाला लावली, आणि आम्ही दोघी जेवलो.